हुलग्यांच्या सहा शिट्ट्या : शिरूर, नेकनूर, परळी

देशाचा बाजार नुकता खुला झाला होता आणि पुण्यातल्या आमच्या कुकर कंपनीच्या साहेबांना एकाएकी खेडी दिसू लागली होती. एका गाडीत मोठा टीव्ही आणि व्हिडिओ बसवला, पंधरा मिनिटांची चकचकीत फिल्म दिली आणि मला सांगितलं, बीड जिल्हा फिरून या. मी सहा महिन्यांच्या बोलीवर होतो. तीन गावांत कुकर खपले नाहीत तर नोकरी गेली, हेही त्यांनी हसत हसत सांगून टाकलं. गर्दीचा पुरावा म्हणून एक व्हिडिओ कॅमेराही माझ्या खांद्यावर आला.

पुण्याहून नगर, पाथर्डी करत शिरूर कासारला पोचायला दिवस गेला. पाथर्डीच्या पुढे रस्ता नावालाच होता. चालक युसूफभाई बीडचेच, त्यामुळे कुठल्या टपरीवर भजी खायची आणि कुठल्या टपरीवर नुसतं पाणी प्यायचं हे कळत गेलं. आता जाणार असाल तर रस्ते बरे आहेत, पण दसऱ्याच्या आधी जा. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं.

संध्याकाळी देवळापुढे फिल्म लावली. आख्खं गाव लोटलं. टीव्हीतली बाई फिरोजी साडीत गॅसवर भात लावत होती, माणसं मन लावून बघत होती, आणि मी मनातल्या मनात नोकरीत कायम झालो होतो. फिल्म संपली तशी गाण्याची फर्माईश आली. कुकर एकाही माणसानं हातात घेतला नाही. फुकटचा सिनेमा बघून गाव घरी गेलं. युसूफभाई म्हणाले, "साहेब, इथं पाच रुपयाचं मडकं बी वाजवून घेत्यात."

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. टेबलावर कुकर मांडून बसलो होतो, तेवढ्यात तिशीतली एक बाई आली. नाव कौसाबाई. तिनं बोटाच्या पेरानं कुकर वाजवला, कान लावला आणि पदराखालचं भगुलं माझ्यासमोर ठेवलं. आत भिजवलेले हुलगे, म्हणजे कुळीथ, होते. "दादा, सिनेमातल्या बाईकडं ग्यास हाय. आमी फडात तीन दगडावर करतो. भात रोज कोन खातंय? ह्ये शिजवून दावा."

उसाच्या फडात तांबडं फुटायच्या आत कोयता हातात घ्यावा लागतो, हुलगे शिजायला सकाळ जाते, म्हणून पाच-सहा महिने पोरं चटणी-भाकरीवर काढतात, एवढं तिच्याकडूनच कळलं.

माझ्या माहितीपुस्तकात हुलगे नव्हतेच. किती शिट्ट्या, मला ठाऊक नव्हतं. मी ते कबूल केलं, तर ती हसली आणि स्वतःच दगड मांडू लागली. मी कॅमेरा सुरू केला. पहिल्या शिट्टीला माणसं चार पावलं मागं सरली. ती जागची हलली नाही. वाफेचा वास घेत बसली होती आणि बोटांवर मोजत होती. सहाव्या शिट्टीला म्हणाली, "झालं. उतरवा." वाफ जिरल्यावर झाकण उघडलं, तिनं एक दाणा चिमटीत दाबला. लोण्यासारखा मऊ. मग भगुलं गर्दीतून फिरलं आणि जो तो दाणा दाबून बघू लागला. पुण्याच्या शाळांमधून मी जे शिकलो होतो ते सगळं त्या एका दाण्यापुढे फिकं पडलं, खोटं कशाला सांगू.

तिच्या नवऱ्यानं कुकर घेतला. मी नवा खोका काढला, तर तिनं काजळीनं काळा झालेलाच उचलला. "नवं नगं. ह्येच्यात शिजलेलं म्या बघितलंय." जाताना कॅमेऱ्याकडे बोट करून हळूच विचारलं, "मी दिसन का त्याच्यात?" मी म्हटलं, ताई, परत येताना दाखवतो. वचन दिलं.

नेकनूरला साहेबांची फिल्म बाजूला ठेवली आणि शिरूरची कॅसेट लावली. हलती, धुरकट, मध्ये बैलांचं हंबरणं. माणसं पुढं सरकून बघू लागली. पडद्यावर शिट्टी वाजली तशी पुढची माणसं खरोखर मागं सरली, शिरूरची सरली होती तशीच. मग कुणीतरी म्हणालं, "आगं, ही तर आपल्याकडचीच बाई हाय." घटकाभरात बायका घरून आपापलं कडधान्य घेऊन आल्या, तीन दगड मांडले गेले, आणि दुपारपर्यंत गाडीतले कुकर अर्ध्यावर आले.

परळी मैलभर आधी दिसते ती वीज केंद्राच्या चिमण्यांमुळे. मान मोडेपर्यंत वर बघितलं. वैजनाथाचं दर्शन घ्या, पण पांढरे कपडे घालून जाऊ नका, राख बसते. तिथं उरलेला माल संपला. एसटीडी बूथवरून साहेबांना फोन केला, नोकरी पक्की झाली, आणि मी आनंदानं शिरूरची वाट धरली.

कौसाबाईच्या दाराला कुलूप होतं. ऊसतोड टोळीची गाडी यंदा लवकर आली होती, ती आदल्या दिवशीच गेली होती. शेजारच्या आजोबांनी फडक्यात बांधलेले हुलगे हातात दिले. "तुमची वाट बघितली तिनं. सहा शिट्ट्या, इसरू नका म्हनली."

पुण्यात आईनं ते लावले. सहा शिट्ट्या झाल्यावर उतरवले आणि ताट घेऊन आम्ही कॅसेट बघितली. आईनं विचारलं, ही कोण रे बाई? मी कॅसेट मागं घेऊन परत लावली.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या, तोवर मला बढतीवर नागपूरला पाठवलं होतं. जाता आलं असतं. गेलो नाही. पुढं तीन-चार वर्षं आमच्या गाड्या शिरूरचीच कॅसेट घेऊन गावोगाव फिरल्या. नेकनूरनं ती पाहिली, परळीनं पाहिली, माझ्या आईनं पाहिली. जिची होती तिनं तेवढी पाहिली नाही.