शिळ्या पाण्याची पुंडी

मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं. बायकोने पिंप भरलं, हंडे भरले. दुपारी ती वारली.

आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की घरोघरी आधीचं साठवलेलं मोरीत ओतून देतात आणि नवं भरतात. ओतलेलंही त्याच नळाचं, भरलेलंही त्याच नळाचं; पण आधीचं ते शिळं. पाणी पुरत नाही म्हणून ओरडायलाही हीच मंडळी पुढे असतात. बायको शिळं पाणी कळशीने गच्चीवर नेई आणि झाडांना घाली. झाडं म्हणजे पत्र्याच्या डब्यांतली वांगी, मिरच्या आणि पुंडी. पुंडी म्हणजे अंबाडी. तिचं माहेर दुधनीचं, तिकडे कन्नडमध्ये हे नाव. लग्नानंतर ती माहेरचं बी घेऊन आली होती. दरवर्षी एक झाड न खुडता ठेवायचं, बोंडं वाळली की बी पावडरीच्या जुन्या डब्यात भरायचं आणि मृगात पेरायचं, असं तिचं चालत आलं होतं. ती गेली तेव्हा डब्यात मूठभर बी होतं. ते पेरून पुन्हा बी धरलं नाही तर पुढे काही उरणार नव्हतं. मला तेवढी एकच काळजी होती. बाकीच्या काळज्या माझ्या वतीने लोक करत होते.

दुःखातल्या माणसाला लोक मोकळं सोडत नाहीत. कुणी योगाचा वर्ग सुचवला, कुणी सहल. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पुण्याहून पाइप घेऊन आला.

"दाजी, अक्काची बाग आपण ऑटोमॅटिक करून टाकू. माती नको, पाणी घालायला नको. तुम्हाला गच्चीवर चढायचीसुद्धा गरज नाही."

गच्चीवर न चढता मी दिवसभर काय करावं, हे त्याच्या व्हिडिओत सांगितलेलं नसावं. त्याने पांढऱ्या पाइपांना भोकं पाडली, भोकांत जाळीचे कप बसवले, कपांत नारळाचा भुसा भरला. खाली टब, टबात पंप, आणि पाण्यात दोन बाटल्यांतलं खताचं औषध. मिरच्यांसाठी त्याने आपलं आपण पाणी पिणाऱ्या कुंड्या केल्या. बादलीत बादली आणि मधून कापडाची वात.

"वातीला जुनं सुती कापड लागेल. अक्काची एखादी साडी?"

मी माझे दोन बनियन आणून दिले.

डब्यांतली माती त्याने पोत्यांत भरून कठड्याच्या कोपऱ्यात लावली. "कुणाला तरी देऊन टाका. मातीत रोग असतात, दाजी." ज्याच्या बापाने दुधनीच्या मातीत तूर पिकवून याला इंजिनिअर केलं, तो हे म्हणाला. मग त्याने पावडरीचा डबा हातावर उपडा केला.

"थोडं ठेवू या," मी म्हणालो.

"ठेवून काय करताय? जुनं होतंय बी. हंड्रेड पर्सेंट रिझल्ट आहे, तुम्ही बघाच."

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात लोकांना गप्प राहायला सांगितलं. त्याचा परिणाम शेवटी माझ्यावरच झालेला दिसला. पुरुषभर वाढणारी पुंडी त्याने बोटभर खोल कपांत पेरली, फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अक्काची स्मृती, मातीविना.' हात जोडलेली चित्रं दिवसभर येत राहिली.

रोपं आली. ती बोटभर झाली तेव्हा बायकोची थोरली बहीण दुधनीहून राहायला आली. तिच्या लेखी कॉलेजात नोकरी केलेला प्रत्येक जण मास्तर. पाणी आलं त्या सकाळी मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. परतलो तर घरातलं एकूण एक भांडं घासून भरलेलं.

"मास्तर, वरच्या टबातलं पानी लई शिळं झालं हुतं की. शेवाळ धरलं हुतं. समदं काढलं आन् ताजं भरलं."

"काढलेलं कुठे ओतलं?"

"मोरीत कशाला ओतू? कोपऱ्यात तिची माती हाय न्हवं, तितं घातलं. ती तसंच करायची."

मी मेव्हण्याला फोन लावून तिच्या हातात दिला.

"मोठी अक्का, ते पाणी नव्हतं गं, सोल्युशन होतं!"

"पान्याला पानी न म्हणू तर काय म्हणू रे? शानाच हायस."

रविवारी बाटल्या घेऊन येतो, असं तो म्हणाला. त्याला रविवारी मीटिंग निघाली, पुढच्या रविवारीही निघाली. आमच्या क्षारांच्या पाण्याने पंप पांढरा पडून बंद झाला. रोपं पिवळी पडली, मग आडवी झाली. एकेक कप उपडा करून पाहिला. डबा तर आधीच रिकामा होता.

श्रावणात मी पोती उचलून कुणाला तरी द्यावीत म्हणून वर गेलो. एका पोत्याच्या तोंडाशी हिरवं दिसलं, पुंडीची चार-पाच रोपं. आदल्या वर्षी बोंडांतून सांडलेलं बी असावं. मातीने ते सांभाळलं, रोगांसकट. बाकीची रोपं पारव्यांनी खुडली. एक राहिलं, त्याला मी जाळी लावली. मेव्हण्याला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, "बघा दाजी, न्यूट्रियंटचा रिझल्ट!"

दसऱ्याला थोरली पुन्हा आली आणि विळी घेऊन वर चढली.

"काय कवळी पानं हायत! लसूण घालून भाजी करते."

"नको."

"आवो, खुडलं की परत फुटतंय."

"खुडायचं नाही. हे बियाचं झाड आहे."

तिच्यासमोर माझा आवाज कधी चढला नव्हता. "तीबी असंच वरडायची माझ्यावर," ती म्हणाली आणि विळी घेऊन खाली गेली.

पाइप आता जिन्याखाली आहेत. मिरच्यांच्या कुंड्यांत माझे बनियन कुजले. पाणी आलं की शिळं मी वर नेतो. पोत्यात पुंडीचं एक झाड आहे, माझ्या खांद्याइतकं. बोंडं धरली आहेत, अजून वाळलेली नाहीत. डबा धुऊन ठेवला आहे.