कणीकवाले मास्तर

मास्तरांकडे बुलेटचं इंजिन खोलायला न्यायचं असलं की घरून कणीक मळून न्यावी लागे. लिंबाएवढा गोळा, घट्ट भिजवलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. पहिल्यांदा मी हे बायकोला सांगितलं तेव्हा तिने परातीतून मान वर करून विचारलं, "इंजिन चपाती खातं का आता?" मी म्हटलं, मला काय माहीत, मास्तरांनी सांगितलंय. भाईंदर पूर्वेतल्या निम्म्या बुलेटवाल्यांच्या बायका मास्तरांना न पाहताच ओळखत होत्या, त्या अशा.

मास्तर मूळचे रत्नागिरीकडचे. उभा जन्म एका कारखान्यात फिटर म्हणून गेला. कारखाना बंद झाल्यावर जेसल पार्कला खाडीच्या अंगाला एक गाळा घेऊन बसले. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण कामाला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला सगळं समजावून सांगायची खोड होती, म्हणून मास्तर. अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, आणि तो संध्याकाळपर्यंत पांढराच. आमच्या अंगाला नुसतं त्यांच्या गाळ्यात उभं राहून काळं लागायचं.

कॅम बदलून इंजिनात दम आणायचा, ही तेव्हा, म्हणजे दोन हजार चार-पाचच्या सुमाराला, आम्हा काही वेड्यांची हौस होती. मास्तर ते दोन वाक्यांत सांगत. "कॅम दांडीला वर ढकलतो, दांडी व्हॉल्व्ह उघडते. स्प्रिंग तो परत मिटवते." दांडी म्हणजे पुशरॉड. नवा कॅम व्हॉल्व्ह जास्त उघडतो, तेव्हा तो वर येणाऱ्या पिस्टनवर आपटणार तर नाही ना, हे बघायला कणीक. पिस्टनच्या डोक्यावर ती थापायची, हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवायचं, इंजिन हाताने फिरवायचं, पुन्हा उघडून कणकेत पडलेला खळगा ब्लेडने कापायचा आणि तळाशी किती जाडी उरली ती मोजायची. यासाठी खास माती मिळते असं कुणी तरी सांगितलं, तर मास्तर म्हणाले, "मिळू दे की. तुझं इंजिन, तुझ्या घरचं पीठ. उद्या बिघडलं तर मला शिव्या घालताना जरा अडखळशील."

स्प्रिंग निवडण्यात त्यांचा खरा जीव. प्रत्येक गिऱ्हाईक "सर्वांत कडक टाका" म्हणत येई. "स्प्रिंग म्हणजे सासू वाटली काय रे, कडक असली की घर शिस्तीत चालेल?" मास्तर विचारत. मग वजनकाट्यावर स्प्रिंग ठेवून, उभ्या ड्रिल मशीनने ती दाबून, किती दबल्यावर किती किलो भरतात ते पाटीवर खडूने लिहीत. दाब कमी पडला तर व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही, जास्त झाला तर दांडीच्या कमरेवर येतं. आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतानाही स्प्रिंगच्या वेटोळ्यांत दोन पोस्टकार्डं सरकली पाहिजेत, हा त्यांचा कायदा. "तिला श्वास घ्यायला जागा ठेव. वेटोळी एकमेकांना टेकली की ती स्प्रिंग नाही राहिली, लोखंडाचा ठोकळा झाला."

दांडीही तशीच पारखून घेत. काचेवर लोळवत, खालून कुठे उजेड दिसतो का ते डोळा बारीक करून पाहत. बसवल्यावर थंड इंजिनात ती बोटांनी गरगर फिरली पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. हे जमेपर्यंत वेळ कितीही लागो. मी कधी घाई केली तर म्हणत, "तुला ट्रेन पकडायचीय का? जा, पकड. गाडी राहू दे."

मला घाई होती, कारण घाट चढायच्या एका शर्यतीत मी नाव दिलं होतं. मास्तरांनी माझ्या इंजिनावर पंधरा दिवस घालवले. ती शर्यत त्यांचीही कसोटी होती असं म्हटलं तरी चालेल, कारण गाडी त्यांच्या हातची म्हणून पाच-सहा जण ती बघायला घाटात येणार होते. शर्यतीच्या आठवड्यात मीरा रोडच्या एका मित्राने माझ्या कानात सांगितलं, "म्हातारा घाबरट आहे. दोन्ही स्प्रिंगांखाली एक-एक चकती टाक, दाब वाढतो. सगळे टाकतात." आणि मी टाकली. त्याच्या गॅरेजात, मास्तरांना न सांगता.

शर्यतीत तिसऱ्या वळणावर खाडकन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. गाडी टेम्पोत घालून परत आणली. मास्तरांकडे नेण्याआधी मित्राकडे हेड उतरवून दोन्ही चकत्या काढल्या. हे लिहितानाही मान खाली जाते.

मास्तरांनी वाकलेली दांडी बाहेर काढली, पण मला काही विचारलं नाही. दोन दिवस ते सगळी मापं पुन्हा घेत होते. स्प्रिंग काट्यावर, पोस्टकार्डं वेटोळ्यांत, नवी कणीक पिस्टनवर. मी समोर स्टुलावर बसून होतो, त्यांना उजेडाला बॅटरी धरत होतो. प्रत्येक माप बरोबर येत होतं. शेवटी पाना खाली ठेवून ते म्हणाले, "माप चुकत नाहीय आणि दांडी तर वाकलीय. म्हणजे मला नीट मोजताच येत नाही आता. वय झालं." मी तोंड उघडलं, पण बोललो ते भलतंच. म्हटलं, "होतं कधी कधी, मास्तर."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी ऑइल बदलायला गेलो, तर गाळ्याच्या दारात एक जण नवाकोरा कॅम घेऊन उभा. मास्तर त्याला सांगत होते, "ये काम मैं नहीं करता अभी. मेरा हाथ गया. किसी और को दिखाओ." तो माणूस निघाला. काट्यावर धूळ बसली होती, पाटी कोरी होती. तेव्हा मला कळलं, मी काय करून बसलोय ते. मी तिथेच उभ्या उभ्या सांगून टाकलं.

"मास्तर, त्या स्प्रिंगखाली मी चकत्या टाकल्या होत्या. तुमच्याकडे आणायच्या आधी काढल्या."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "केवढ्या जाड?"

"दीड मिलिमीटर."

डोळे मिटून त्यांनी मनात हिशेब मांडला. "मग वेटोळी टेकणारच, दांडी वाकणारच." डोळे उघडून म्हणाले, "म्हणजे माझं माप बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं."

"नक्की?"

"नक्की, मास्तर."

ते उठून दारात गेले आणि रस्त्यावरच्या त्या माणसाला हाक मारली, "ओ भाई, रुको! कॅम दिखाओ जरा." आवाज पूर्वीचा, ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला. मग माझ्याकडे वळून, एरवी मला अरे-तुरे करणारे मास्तर शांतपणे म्हणाले, "चहा घेऊन जा. पण गाडी आता तुम्ही दुसरीकडे दाखवत चला."

पुढे तीन वर्षांनी गाळा बंद करून ते गावी गेले, आणि दोन पावसाळ्यांनी तिकडेच वारले. गाळा होता तोवर मी दर रविवारी त्यांच्याकडे जात होतो. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, "तुम्ही"चं पुन्हा "तू"ही झालं. माझी गाडी मात्र बाहेर रस्त्यावर उभी राहायची. ते गावी जायच्या आधीच्या रविवारी धीर करून विचारलं, "मास्तर, एका चकतीची एवढी शिक्षा?"

"चकतीचं काय रे," ते म्हणाले, "चकती कुणीही टाकतं, वयच असतं ते. पण मी दोन दिवस मोजत होतो, आणि तू समोर बसून बॅटरी धरली होतीस."