बाटलीच्या गळ्यातला दोरा

सरकारी दवाखान्यात औषध संपतं, किस्से संपत नाहीत. औषध मापून द्यावं लागतं, किस्से लोक आपणहून टाकून जातात. सुरतेच्या दक्षिण टोकाला आमचा सवलतीच्या औषधांचा दवाखाना होता, तिथं मी जखमांना पट्ट्या बांधायचो. शिक्षण चौथीपर्यंत, पुढं मास्तरांनीच हात जोडले. डॉक्टर कुलकर्णी साताऱ्याचे, कंपाउंडर छगनभाई अस्सल सुरती, आणि पेशंट म्हणजे नवागाम-भेस्तानचे लूमवाले, म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, त्यातले निम्मे आमच्या खानदेशचे. औषध सरकारचं, पण बाटली ज्याची त्यानं आणायची, अशी तेव्हा रीत होती.

एकदा एक गडी विलायती दारूची रिकामी बाटली घेऊन आला. गुजरातेत दारूबंदी. डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली.

"ही कुठली?"

"दमणचे पाहुणे विसरून गेले, साहेब."

"त्यांना सांग, विसरायचीच असली तर भरलेली असताना विसरा."

थकलेला माणूस बरा विनोद करतो. डॉक्टर तर कायमचेच थकलेले होते.

*

थकायचं कारण होतं. औषधं वरून यायची आणि वरच्यांना खालचं काही दिसायचं नाही. एका वर्षी आम्हाला खोकाभर सापाच्या विषावरची इंजेक्शनं आली. लूमच्या खात्यात, मागांच्या त्या शेडमध्ये, साप कुठला? तिकडं कामरेजला उसाच्या फडात माणसं विंचू-सापांत वावरायची, तर त्यांना खोकल्याचं मिक्स्चर. आमच्याकडं सूत नाकात जाऊन भेस्तान अख्खं खोकत होतं.

छगनभाई कपाळ धरून मला म्हणाले, "नामाभाऊ, एकाद साप लावो ने. आ बधुं वापरवानुं क्यां?"

साप आणा म्हणाले, म्हणून दुसऱ्या दिवशी मी लूमच्या काळ्या पट्ट्याचा तुकडा त्यांच्या खणात वेटोळं करून ठेवला. खण उघडला, आणि छगनभाई ज्या चपळाईनं टेबलावर चढले, तशी पुन्हा कधी दिसली नाही. खाली उतरायला मात्र आम्हा दोघांचा आधार लागला.

डॉक्टर म्हणाले, "चला, निदान एक इंजेक्शन काढून ठेवा. आता कामरेजहून कुणी आला नाही तरी चालेल."

*

मग जिल्ह्याहून मेहता साहेब आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, मनानं चांगला माणूस. त्यांनी तोडगा आणला होता. सवलतीच्या पेशंटांचे गट पाडायचे. प्रत्येकानं आपल्या बाटलीच्या गळ्यात रंगीत दोरा बांधायचा. पिवळा म्हणजे खोकला-दमा, निळा म्हणजे पोट, पांढरा म्हणजे किरकोळ, आणि लाल म्हणजे टीबी. गोळ्यावाल्यांनीही बाटली आणायची. महिनाअखेरीला ज्या भागातून ज्या रंगाचे जितके दोरे, त्या भागाला त्या रोगाचं तितकं औषध.

ऐकायला झकास होतं. फक्त छगनभाईंनी हळूच विचारलं, "साहेब, सुरतमां दोरा?"

साहेबांना काही कळलं नाही. आम्हाला आठवड्यात कळलं. कुठल्याही लूमवाल्याच्या खिशात हात घाला, चार रंग निघणार. एक म्हातारी जरीचा दोरा बांधून आली. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, हा कुठला रोग?"

"रोगबिग माहीत नाही बाबा. पोराच्या खात्यात हाच चालू आहे."

एकानं चारही रंगांची वेणी घालून आणली. म्हणे, साहेब, सगळीकडंच दुखतं, कुणाला नाराज करू?

*

दोऱ्याच्या रंगागणिक रांग वेगळी. निळ्या रांगेजवळ पंखा होता आणि पंख्याखाली बाकडं. त्यामुळं उन्हाळ्यात सगळ्यांची पोटं दुखायला लागली. मी एका दुपारी बाकडं गुपचूप पिवळ्या रांगेकडं सरकवलं आणि पंख्याचं तोंडही तिकडं फिरवलं. चहा पिऊन येईतो भेस्तानचं पोट बरं झालं होतं आणि सगळे खोकत होते.

डॉक्टर म्हणाले, "नाम्या, मी पंधरा वर्षं औषधं देतोय. तू बाकड्यानं बरे करतोस." मग स्वतःच उठले आणि बाकडं मधोमध ठेवलं.

*

लाल रंगाची मात्र कुणी चेष्टा करत नव्हतं, कारण लाल कुणी बांधतच नव्हतं.

नवागामात एका खोलीत पाळीपाळीनं माणसं झोपायची. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच वळकटीवर. लाल दोऱ्याची बाटली दिसली की गेली खोली, आणि मुकादमाच्या कानावर गेलं की गेला लूम. तेव्हा ज्यांना टीबी होता ते पांढरा बांधायचे आणि डॉक्टरांच्या कानात सांगायचे.

तशीच रुखमा यायची. धुळ्याकडची, नवरा सुकदेव लूमवर. तो अर्धा झाला होता. त्याच्या गोळ्या ती पदराखाली न्यायची.

महिनाअखेरीला मोजणी झाली. नवागामातून लाल दोरा एकही नाही. पुढच्या खोक्यात टीबीच्या गोळ्याही नाहीत. डॉक्टरांनी वर कळवलं, तर मेहता साहेब जातीनं येऊन हसत म्हणाले, "डॉक्टर, आपके नवागाम में तो टीबी ही नहीं. बधाई हो."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

साठवणीतल्या गोळ्या संपत आल्या तेव्हा त्यांनी रुखमाला समोर बसवलं. "बाई, दोरा लाल बांध. नाहीतर मी देऊ कुठून?"

तिनं हातातली बाटली फिरवून बघितली. मग म्हणाली, "लाल बांधा ते खोली जास, दादा. पांढरा बांधा ते माणूस जास. कोनता बांधू?"

छगनभाई आत जाऊन उगीच बाटल्या धुवत बसले. मला त्या दिवशी एकही चेष्टा सुचली नाही.

*

पुढल्या मोजणीला मेहता साहेब स्वतः टेबलाशी बसले. नवागामची पाळी आली. पहिली रुखमा. तिनं बाटली टेबलावर ठेवली. गळ्यात लाल दोरा.

तिच्यामागच्या बाईनं बाटली ठेवली. लाल. तिच्यामागं एक ओली बाळंतीण, ग्राइपवॉटरची बाटली. लाल. मग पैलवानासारखा एक गडी, तेलाची बाटली. लाल. रांग दारातून बाहेर, बाहेरून रस्त्यावर. आजारी कोण आणि धडधाकट कोण, पट्ट्या बांधून सगळ्यांची अंगं ओळखणाऱ्या मलाही कळेना, मग खोलीवाल्यांना काय कळणार?

मेहता साहेबांचा घाम शर्टातून दिसायला लागला. "पूरे नवागाम को टीबी?"

"नही साहेब," रुखमा म्हणाली. "बठासले नही. कोनले शे ते तुमी वळखा." सगळ्यांना नाही, पण कुणाला आहे ते साहेबांनीच ओळखायचं.

साहेबांनी मान वर करून रांगेतलं ओळखीचं, जबाबदार तोंड शोधलं. सापडला तो मुकादम. पांढरं धोतर, मिशा, हातात बाटली. "अरे, तुम भी?"

मुकादमानं बाटली रुखमाच्या बाटलीशेजारी टेकवली.

"आज मागावर लालच चढलंय, साहेब."

मेहता साहेबांनी डॉक्टरांकडं बघितलं. "डॉक्टर, सही सही बताइए, इनमें असली कौन?"

डॉक्टर कुलकर्णींनी पुढच्या पेशंटाची नाडी धरली होती. त्यांनी वर न बघता सांगितलं, "दोरे मोजायचं ठरलंय ना? मोजा."