मॅडमना शंका येते

"मला आपली शंका येतीय हं," असं म्हणून मॅडम पाण्याचा ग्लास उजेडाकडे धरायच्या, मग नाकाशी न्यायच्या आणि मगच ओठाला लावायच्या. कुणाकडे बारशाला गेल्या तरी तेच. यजमानीण बिचारी ओशाळून जायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, गॅस बंद केलाय ना हे बघायला कोपऱ्यावरून परत फिरणारं. आमच्या विद्यापीठात त्यांना मागून सगळे 'शंकाबाई' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत की," म्हणायच्या.

त्या पर्यावरणशास्त्र शिकवायच्या आणि मी ग्रंथालयात कामाला होते. दुपारी डबा घेऊन त्या माझ्या टेबलाशी यायच्या, कारण त्यांच्या विभागातला पंखा एक दिवस डोक्यात पडणार याची त्यांना खात्री होती. पंखा अजून फिरतोय.

त्या वर्षी विद्यापीठाला श्रेणी देणारी मूल्यांकन समिती यायची होती. म्हणून परिपत्रक निघालं की कर्मचारी आणि विद्यार्थी, सगळ्यांनी पर्यावरणाचं प्रशिक्षण घ्यायचं. जबाबदारी मॅडमवर आली. खरं सांगायचं तर आम्ही प्रमाणपत्रासाठी आणि उपम्यासाठी गेलो. पडद्यावर हिरवीगार पृथ्वी दिसेल, एक शपथ होईल, टाळ्या वाजतील, अशा तयारीने बसलो होतो. मॅडमनी पडदा खाली सोडलाच नाही.

"तुमच्या विभागातल्या बेसिनचं पाणी कुठं जातं?" त्यांनी विचारलं.

लेखा विभागातले एक काका म्हणाले, "खाली जातं की, मॅडम."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. "चला तर मग, खाली बघू."

असं ते प्रशिक्षण. भर एप्रिलात डोक्याला रुमाल आणि ओढण्या गुंडाळून आम्ही पाइपांच्या मागेमागे भिंतीकडेने फिरलो. फिरत फिरत विज्ञान इमारतीच्या मागे आलो. तिथे मॅडमचा लाडका खड्डा होता. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपातून त्यात उतरायचं, खडी-वाळूतून झिरपायचं आणि शेजारच्या बोअरला मिळायचं. त्याच बोअरवर मुलींचं वसतिगृह चालायचं. खड्ड्याच्या मंजुरीसाठी मॅडम कितीतरी दालनांबाहेर ताटकळल्या होत्या. त्यामुळे तो दाखवताना त्यांचा आवाज जरा चढला. "उन्हाळ्यात खडखडीत कोरडा असतो, बघा," म्हणत त्यांनी झाकण सरकवायला लावलं.

खडी ओली होती.

"एसीचं पाणी असेल," कुणीतरी म्हणालं. मॅडम गुडघ्यावर बसल्या. मूठभर खडी उचलून त्यांनी नाकाशी नेली. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"हा प्रयोगशाळेचा वास आहे," त्या म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राची नवी प्रयोगशाळा झाली होती. काम करणाऱ्यांनी बेसिनचा पाइप जवळ दिसला त्या पावसाच्या पाइपाला जोडून दिला होता. वर नळ सोडायला लावला, तसं खाली खड्ड्यात पाणी खळखळत आलं.

मॅडम तिथून जवळजवळ पळतच वसतिगृहावर गेल्या. पंपाच्या खोलीत शिरून त्यांनी बटण बंद केलं आणि दार अडवून उभ्या राहिल्या. मुली बादल्या घेऊन जमल्या. महापालिकेचं पाणी काही रोज येत नाही, सगळी भिस्त बोअरवर. दुधनी गावाहून आलेली एक मुलगी पुढे झाली.

"मॅडम, आंगोळ तरी करू द्या की. लई गरम व्हायलंय."

"नको बाळा. त्यात काय आहे ते मला माहीत नाही. कळेपर्यंत नको."

"आन आजवर पिलेलं?"

मॅडमनी दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली.

तासाभरात कुलसचिव साहेबांचं बोलावणं आलं. एकट्या जायला त्या धजेनात, म्हणून मीही गेले. साहेब ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "समिती उद्या येतीय. खड्डा तुमचा, दाखवणारही तुम्हीच. पाइप आज काढून टाकू. पंप चालू करा. गाजावाजा कशाला?"

"पाइप आजच काढा, सर. पंप मात्र पाण्याच्या तपासणीचा अहवाल आल्यावर."

"आणि अहवालात काही निघालं नाही तर?"

मॅडम पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. इतकं घट्ट, की बोट पांढरं पडलं. "न निघो, सर. मी रोज तेच मागतेय," एवढंच म्हणाल्या. आपण 'रोज' म्हणालो, अजून एक दिवसही गेला नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीची गाडी आणि वसतिगृहासाठी मागवलेला पाण्याचा टँकर एकदमच फाटकातून आत आले. मॅडमनी खड्ड्याशी उभं राहून पाहुण्यांना सगळं सांगितलं. "हा माझ्या हट्टानं झाला. वर प्रयोगशाळा झाल्यावर मी झाकण उघडून बघायला हवं होतं. बघितलं नाही."

अहवाल येईपर्यंत त्यांचा डबा तसाच परत जायचा. वसतिगृहात जाऊन त्या एकेकीला विचारायच्या, "पोटात दुखतंय का? चक्कर?" मुली त्यांना पाहून लपायला लागल्या. एकीला उलटी झाली, तर मॅडम तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. उलटी स्टँडवरच्या भज्यांची निघाली. डॉक्टरांनी मुलीला घरी पाठवलं आणि मॅडमचा रक्तदाब तपासला.

अहवाल आला. खड्ड्यातलं पाणी वाईट होतं. बोअरचं चांगलं होतं. अजून तिथवर काही पोचलं नव्हतं.

मी धावत सांगायला गेले. मॅडम खुर्चीत बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

बाकीच्यांनी मात्र वेगळाच अर्थ काढला. "बघा, उगाच गोंधळ घातला." समितीने श्रेणी कमी दिली, तेही त्यांच्याच माथी बसलं. प्रशिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून घेतली. पाइप वेगळा झाला, खड्ड्यातली खडी बदलली. पावसाळ्यात ते पाणी बोअरपर्यंत पोचलं असतं की नसतं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. मॅडमही सांगत नसत. फक्त सुट्टीवरून परत येताना दुधनीच्या मुलीने त्यांना घरच्या कडक भाकऱ्या आणल्या. "आईनं दिलंय," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मॅडमनी त्यातली एक मला दिली, बाकीच्या कुणाला दाखवल्याही नाहीत.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे हैदराबादला निघाल्या. आता प्रशिक्षणाला बाहेरून कुणी येतं. पडद्यावर हिरवी पृथ्वी असते. उपमा चांगला असतो.

त्यांना पोचवायला मी स्टेशनवर गेले होते. गाडी सुटायला लागली तशा त्या खिडकीच्या गजांना तोंड लावून मला काहीतरी सांगायला लागल्या. तेवढ्यात इंजिनाने भोंगा दिला. एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यांचा चेहरा मात्र इतका काळजीचा होता, की मी जोरजोरात मान हलवून "हो, हो," म्हणत राहिले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. गाडी गेली. मी कशाला हो म्हटलं, ते मला अजून कळलेलं नाही.