गाळलेलं डिझेल

इंजिनाचा अपमान सहन न होणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात एकच होता, आणि आमचं दुर्दैव असं की तो नेमका आमच्याच घरचा जावई निघाला. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, कारंजा घाडग्याला हायवेच्या कडेला डिझेलचे पंप दुरुस्त करायचे. इंजिनाच्या कुशीला बसून डिझेलचा मोजका थेंब नेमक्या क्षणी आत ढकलणारा तो वीतभर पंप म्हणजे त्यांचं कुलदैवत. त्यांच्या मते माणसाचा जन्म हा पंप सांभाळण्यासाठी होता आणि माणूस मात्र जन्मभर त्यात कचरा घालत आला होता. हा राग त्यांच्या नाकावर कायम असे. रस्त्यानं एखादा ट्रक ठोके चुकवत गेला की हातातला घास ताटात ठेवून ते दाराशी जात आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत त्या ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडत. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मांडवामागचं जनरेटर मिस मारू लागलं, तर हे हातातल्या अक्षता माझ्या खिशात कोंबून तिकडे धावले आणि जनरेटर बंदच करून टाकलं. "लगन जराशानं लागलं तं काई बिघडत नाई, पन हे असंच चालू ठेवलं तं नोजल जाते!" नवरदेव अंतरपाटाच्या अलीकडे अंधारात उभा होता आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

काढणार कसा? जावई ना! आमच्याकडे जावयाला बोलायची सोय नाही. मी एकदा "भाऊजी जरा जास्तच करून राह्यले" एवढंच म्हणालो, तर आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पानात वाढलेली भाजी निमूट संपवली. आईच्या लेखी जावईबापूंचा शब्द खाली पडता कामा नये. भाऊजी दिवाळीला आले की जेवण झाल्यावर धुळीवर व्याख्यान देत. डिझेलात धुळीचा एक कण गेला तर पंपाच्या पोटात काच गेली असं समजा, वगैरे. आम्ही सगळे जांभया देत असू. आई मात्र डोक्यावरचा पदर सावरून शेवटपर्यंत ऐके, मध्येच "अगाई!" म्हणे, आणि भाऊजींना तेवढ्यानं आणखी चेव येई.

ऐंशीच्या आसपासचं एक साल. ज्येष्ठात धोंड्याचा महिना आलेला. पवनारला धामेच्या काठावर आमचं भाजीचं वावर होतं आणि नदीचं पाणी वर चढवायला एक डिझेल इंजिन. त्या उन्हाळ्यात मी भेंडी आणि सांबार लावला होता. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. भर ज्येष्ठात वर्ध्याच्या बाजारात तिच्यावर गिऱ्हाइकांच्या उड्या पडतात, कारण विदर्भातल्या त्या उन्हात ती जगवणं सोपं नसतं. पाण्याची एक पाळी चुकली की मान टाकते. आणि नेमकं तेव्हाच इंजिन रोज दुपारी मिस मारू लागलं. सकाळी ठणठणीत, आणि दुपारी जेवण आटोपून मी पुन्हा पाण्याच्या दांडावर गेलो की ठोका चुकवायचं, काळं थुंकायचं, शेवटी मान टाकायचं. वाफे अर्धे ओले, अर्धे कोरडे. पाण्याचा वर्षभराचा आधार हाच, आणि तो असा दगा देत होता.

धोंड्याचं वाण घ्यायला भाऊजी आले ते पायावर पाणी घेण्याआधी माझी उलटतपासणी घेऊ लागले.

"डिझेल गाळून टाकतो काय?"

"गाळतो ना, भाऊजी."

"कशानं?"

"फडक्यानं."

"कोन्त्या फडक्यानं?"

"धुतलेल्या."

"कशानं धुतलं? नदीच्या पान्यानं? झालं! रेती गेली पंपात!"

मी शपथेवर सांगतो, मी डिझेल गाळत होतो. मलमलीच्या फडक्यानं, दुहेरी घडी करून, दर खेपेला. पण आरोपीचं कोण ऐकतो? दुसऱ्या दिवशी पंप उतरवून घरी आला आणि आमच्या ओसरीवर संचारबंदी लागली. अंगणात सडा घालून धूळ बसवली, कोंबड्या डालग्याखाली गेल्या, झाडू माळ्यावर गेला. मला शिंक आली तर गोठ्यात जाऊन शिंकायचं, असा हुकूम होता. आईनं नुकतंच वाण म्हणून दिलेलं कोरं धोतर भाऊजींनी ओसरीवर अंथरलं आणि त्यावर पंपाचा एकेक भाग धुऊन मांडला. धोतराचं पोतेरं होताना पाहून माझा जीव कळवळला, आईला मात्र धन्य वाटत होतं. मग त्यांनी बोटाएवढा प्लंजर, म्हणजे पंपाचा दट्ट्या, त्याच्या नळीत उभा धरून सोडला. तो आपल्याच वजनानं हळूच खाली उतरला. पुन्हा सोडला, पुन्हा तसाच उतरला. ओरखडा नाही, झीज नाही. माणूस खूश झाला असता. भाऊजी भडकले. पंप निर्दोष निघाला म्हणजे कोणीतरी दोषी असणारच, आणि घरात दोषी ठरवण्याजोगा पुरुष मीच होतो. "नशीब समज, पंप वाचला!" असं मलाच सुनावून त्यांनी तरीही वायसर बदलले, स्प्रिंग बदलली, नोजल बदललं आणि पंप सकाळी जागेवर बसवला. एअर काढली, हँडल मारलं, इंजिन एका ठोक्यात सुरू झालं. भाऊजी विजयी मुद्रेनं घरी जाऊन झोपले आणि दुपारी इंजिन पुन्हा मिस मारू लागलं.

त्यांनी उघडलेला पंप परत बिघडल्याची बातमी मी घरी नेली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला थोडा आनंद झाला होता. भाऊजींचं तोंड उतरलं. त्या दिवशी त्यांनी अनारशाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून इंजिनापाशी ठाण मांडून बसले. दुपारी आई रोजच्यासारखी शिदोरी घेऊन आली. आम्ही दोघं बांधावरच्या कडुलिंबाखाली जेवायला बसलो, तोवर ती इंजिनाकडे एक चक्कर मारून आली आणि भेंडी निवडत बसली. थोड्या वेळानं इंजिन अडखळलं. भाऊजी हात न धुताच उठले. त्यांनी पंपाकडे येणाऱ्या नळीचा नट सैल केला. धार यायला हवी तिथे थेंब येईना. मग त्यांची नजर वर टाकीकडे गेली आणि माझीही. टाकीच्या झाकणावर खताच्या पोत्यातलं प्लास्टिक होतं, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून आवळलेलं, आणि ते म्हाताऱ्याच्या गालासारखं आत बसलं होतं. हे प्लास्टिक मी रोज सकाळी डिझेल भरताना काढून फेकत होतो. कुठून येतं याचा कधी विचार केला नव्हता. झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकीतलं डिझेल खाली उतरेनासं होतं. भाऊजींनी पट्टी सोडली, झाकण फिरवलं, टाकीनं सुस्स करून हवा ओढली आणि इंजिनाचा ठोका सरळ झाला.

असल्या चुकीसाठी त्यांनी ट्रकमालकांना दुकानाबाहेर काढलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या कपाळाची शीर फुगली. "कोन्या गधड्यानं..." अशी सुरुवातही झाली. इंजिनाच्या आवाजात आईला ते ऐकू गेलं नसावं. तिला त्यांच्या हातातलं प्लास्टिक तेवढं दिसलं, आणि ती झाडाखालून मोठ्या उत्साहानं ओरडली, "ते मीच बांधलं बरं, जवाईबापू! वावटळी सुटून राह्यल्या ना. तुमी सांगतलं होतं, धूळ जाऊ देऊ नका म्हनून!"

भाऊजींचं तोंड उघडंच राहिलं. आई शाबासकीची वाट पाहत होती. जन्मभर त्यांचं व्याख्यान मनावर घेणारं तेवढं एकच माणूस होतं. त्यांनी तोंड मिटलं, प्लास्टिकची घडी करून खिशात घातली आणि आईला म्हणाले, "लय बेस केलं, मामी. तुमी बांधलं म्हनून पंप वाचला. नाई तं ह्या साळ्यानं न गाळता डिझेल टाकून पार वाट लावली होती. मी कारंज्याहून नवीन झाकन पाठवतो, त्याले बांधा लागत नाई."

मी! मी वाट लावली! मोटार स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा मी भांडलोच. "भाऊजी, तुमी सरळ सरळ खोटं बोलले." ते शांतपणे म्हणाले, "मंग सांग ना जाऊन मामीले. जा. मी कुठं अडवून राह्यलो?" गाडी निघून गेली आणि मी घरी येऊन काहीच बोललो नाही.

सांबार वाचला, माझी अब्रू गेली. आईनं ही कथा बाजारात सांगितली, भजनात सांगितली, मला मुलगी दाखवायला नेलं तिथेही सांगितली: "पोरगा गुनाचा हाये, फक्त डिझेल गाळत नाई." आणि भाऊजी दर दिवाळीला तिच्यादेखत विचारायचे, "आता तरी गाळतो ना बे?" चेहऱ्यावरची एक रेघ हलायची नाही.

पुढे वावरात वीज आली, इंजिन भंगारात गेलं, भाऊजीही गेले. जी एक गोष्ट त्यांनी चारचौघांत कबूल करायला हवी होती ती तशीच राहून गेली, याचा मला आजही संताप येतो. आणि त्यांच्याइतका मनापासून माझ्यावर कोणी ओरडत नाही, हेही जाणवतं. आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिला नातवंडांची नावं आठवत नव्हती. एका दुपारी तिनं माझा हात धरला.

"डिझेल गाळून टाकत जाजो, बापा. जवाईबापू रागावते."

"हो माय, गाळतो."

"कोन्त्या फडक्यानं?"

"धुतलेल्या," मी म्हणालो.