मामंजींची पक्की प्रत

माझं अक्षर इतकं वाईट की मीच लिहिलेली वाणसामानाची यादी दुकानात पोचल्यावर मला वाचता येत नसे. कथा लिहायची हौस मात्र दांडगी. झाडगावातल्या आमच्या घरी रविवारी दुपारी सगळे आडवे झाले की मी माजघरात बसायची आणि ऑफिसातून आणलेल्या रद्द फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायची. खाडाखोड, बाण, समासात कोंबलेली वाक्यं, मधेच हळदीचं बोट. असलं बाड संपादकाला पाठवणं म्हणजे त्याने न वाचता परत करावं याची सोय करणं.

म्हणून पक्की प्रत मामंजी करायचे. माझे सासरे नोंदणी कचेरीत नक्कलनवीस होते. लोकांच्या खरेदीखतांच्या आणि बक्षीसपत्रांच्या नकला करण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. अक्षर मोत्यासारखं. "नक्कल म्हणजे नक्कल," ते म्हणायचे, "मुळातला शाईचा डाग तेवढा उतरवायचा नाही." कचेरीत नक्कल झाली की रुजवात व्हायची, म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत तो ताडून बघायचा. माझ्या कथांची रुजवात आम्ही कधी केली नाही. सासऱ्यांची नक्कल सुनेने तपासायची, हे मला बरं दिसेना. ते चार-पाच दिवसांत प्रत करायचे, स्वतःच पाकिटात घालायचे आणि स्वतःच टपालात टाकून यायचे. माझे कच्चे कागद दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या चुलीत जायचे आणि त्यावर सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापायचं.

अशा माझ्या चार कथा छापून आल्या, चारही एकाच मासिकात. आणि चारींचा शेवटचा परिच्छेद गायब! शेवटी मी नीट समजावून लिहिलेलं असायचं, नायिकेला काय उमगलं, आयुष्य म्हणजे काय असतं, वगैरे. नेमकं तेच उडालेलं. संपादकाने कात्री चालवली, दुसरं कोण चालवणार? मी त्यांच्या नावाने बोटं मोडायची. ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, "शेवट काय सुंदर केलायस!" त्यावर मी तोंड वाकडं करून सांगायची, "शेवट कसला, कापलाय तो." त्यांना तो माझा विनय वाटायचा.

ऐंशीचं दशक सरता सरता आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एका खोलीला एसी बसवला, आणि चपला बाहेर काढूनच आत जायचं असा नियम झाला. पहिल्या दिवशी त्याला हारही घातला. धूर चालत नाही म्हणून उदबत्ती तेवढी राहिली. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. टाइपरायटर कधी वाट्याला आला नव्हता, पण मराठी टायपिंगची परीक्षा मी पास होते, म्हणून साहेबांनी मला तिथे बसवलं. "हात बसेपर्यंत काहीही टाइप करा, बाई," ते म्हणाले. मी कथा टाइप करायला घेतली.

मांडवीतल्या एका बाईची कथा होती. नवरा जहाजावर. अकरा महिन्यांनी तो घरी येतो, आणि तो गेल्यावर तिने पाळलेला कुत्रा त्याच्यावर भुंकत सुटतो, त्याला उंबरा ओलांडू देत नाही. डोक्यात सगळी तयार होती. पण त्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली आणि माझा पार गोंधळ उडाला. कागदावर खोडलेलं वाक्य रेघेखालून दिसत राहायचं, वाटलं तर परत उचलता यायचं. इथे पुसलं की पुसलं. मी एक वाक्य पुसून दुसरं लिहायची, मग पहिलंच बरं होतं असं वाटायचं, आणि पहिलं काय होतं ते काही केल्या आठवायचं नाही. त्यातून हे अक्षर इतकं स्वच्छ की भिकार वाक्यसुद्धा छापून आल्यासारखं दिसायचं. आपण लिहितोय की छापलेलं वाचतोय, हेच मला कळेना. कथा चांगली झाली की नाही, हे तर त्याहून कळेना.

झाली एकदाची. कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर करकरत छापून बाहेर आली. घरी मामंजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

"ही तर पक्कीच आली की गो," ते म्हणाले.

"होय, आता तुम्हाला त्रास नाही."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी कडेच्या भोकांवरून बोट फिरवलं, "ठसठशीत आहे," म्हणाले आणि न वाचताच कागद परत दिला. पाकीट मीच टपालात टाकलं.

तीन आठवड्यांनी कथा परत आली. सोबत संपादकांचं पत्र होतं. कथा चांगली आहे, पण शेवट असा फोडून का सांगितलात? आधीच्या चारही कथांत तुम्ही नेमक्या जागी थांबला होतात, आम्हाला एका शब्दालाही हात लावावा लागला नव्हता. आठ दिवसांत शेवट बदलून पाठवलात तर दिवाळी अंकात घेऊ.

एका शब्दालाही नाही? मग माझे चार परिच्छेद गेले कुठे? आधी वाटलं, संपादक खोटं बोलतात. मग वाटलं, मी ते नुसतेच मनात रचले असतील, कागदावर कधी उतरवलेच नसतील. कच्चे कागद चुलीत गेलेले, विचारायचं कोणाला? हसू नका, पण एक अख्खा दिवस मी असंही धरून चालले की या कथेचा शेवट कॉम्प्युटरनेच परस्पर वाढवला. दुसऱ्या दिवशी मामंजींना पेज वाढताना त्यांच्या बोटाला लेखणीचा जुना घट्टा दिसला. माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

"मामंजी, माझे शेवट तुम्ही गाळत होतात?"

"होय," ते म्हणाले.

"नक्कल म्हणजे नक्कल ना?"

"ती खतांची गो. भाऊ भावाला बुडवतोय हे डोळ्यांपुढे दिसायचं, तरी मी काना बदलला नाही कधी. तुझं उतरवताना एका जागी हात थांबायचा. पुढचं लिहवेना."

"मग मला सांगायचंत."

"सांगितलं असतं आणि तू लिहायची थांबली असतीस, म्हणजे? मला उतरवायला घरात दुसरं होतं काय?"

मला भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. चार कथा नेमक्या कोणाच्या? लिहिलेला शब्द न् शब्द माझा, पण त्याची कथा झाली ती ते थांबले म्हणून. मग मी लेखिका की नुसती नारळ सोलून देणारी? मी छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला. "हीसुद्धा करा, नेहमीसारखी."

"आता नाही जमायचं. आता तुला ठाऊक झालंय."

प्रत मात्र त्यांनी केली. तिसऱ्या दिवशी मला ओटीवर बोलावलं. "बस. रुजवात करू." ते छापील कागद वाचत गेले आणि मी त्यांच्या अक्षरावर बोट फिरवत गेले. कानामात्रेचा फरक नव्हता. बाई कुत्र्याला परसात नेऊन बांधते. 'मग तिला रडू आलं. का, ते तिलाच कळेना.' आणि त्यापुढे माझा तो परिच्छेद, अख्खा, वाट पाहणाऱ्या स्त्रीजातीबद्दल. सासऱ्यांच्या तोंडून तो मोठ्याने ऐकताना माझी कानशिलं तापली.

कॉम्प्युटरवर तो चुटकीसरशी नाहीसा झाला असता. इथे त्या मोत्यांवर मला माझी वाकडी रेघ ओढावी लागली, एकेका ओळीवर, आणि खालचं सगळं दिसतच राहिलं. कुठून सुरू करायचं तेही समजेना. शेवटी 'कळेना'च्या पुढून केलं. मामंजी तोवर रस्त्याकडे बघत बसले होते. त्यांना विचारायचा मोह झाला, पण विचारलं नाही.

दिवाळी अंक आला तो त्यांनी आधी उघडला. चष्मा लावून कथा सावकाश वाचली. मी दारात उभी, निकालाची वाट बघत असल्यासारखी.

"बरी थांबलीस," ते म्हणाले. मग पान मिटता मिटता, "मी असतो तर कुत्रा बांधला तिथंच सोडली असती."

मी अंक ओढून घेतला आणि तिथे उभ्या उभ्याच वाचलं. बरोबर होतं त्यांचं. ते रडू नकोच होतं. अंगाची लाही झाली माझी. पण त्या जास्तीच्या दोन ओळी कोणी गाळल्या नव्हत्या, त्या मी ठेवल्या म्हणून राहिल्या होत्या, आणि पाच कथांत माझी म्हणावी अशी ती एक कथा होती.