फोटोपुरते ठोकळे

मैत्रिणींनो, लाज वाटतेय, तरी लिहितेय.

अंबाडीजवळच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी चालवते. 'खेळातून शिक्षण' हे प्रशिक्षण मी मन लावून केलं. तिथं मिळालेले लाकडी ठोकळे मात्र कपाटात, कुलपात असतात. हरवले तर सुपरवायझर मॅडमना काय सांगू, ही भीती.

आज ग्रुपवर उपक्रमाचा फोटो टाकायचा होता. ठोकळे काढले, पोरांना गोल बसवलं. फोटो निघाला आणि चार वर्षांची सानिका न सांगताच ठोकळे डब्यात भरू लागली.

"अगं, खेळ ना," मी म्हटलं.

"फोटो झाला ना बाई. आता हात लावायचा न्हाय."

वर्षभरात माझ्याकडून ती एवढं मात्र पक्कं शिकली.

तुमच्या कपाटाची किल्ली कुठं असते? खरं सांगा.